पाहुण्याने ठेवायला दिलेली माती

दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू वापरू नये, तिची जागाही शक्यतो बदलू नये, असे मी पस्तीस वर्षे पाठशाळेत शिकवले. धर्मशास्त्राच्या तासाला निक्षेपाचे प्रकरण आले की विद्यार्थी पेंगू लागत, कारण त्यात ना युद्ध असे ना शाप. मला मात्र ते प्रकरण प्रिय होते. तरीही वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, सिंगापूरला मुलाच्या घरी राहत असताना, मी तो नियम मोडला, आणि तोही पूजेला बसून. ज्याची ती वस्तू होती त्या माणसाचे उरलेले आयुष्य कुठे जायचे, हे तिच्यावर ठरणार होते. मला हे एक दिवस उशिरा कळले.

माझा मुलगा भूगर्भतज्ज्ञ आहे. त्याची कचेरी सिंगापुरातल्या पाया लेबार भागात असली, तरी त्याचे खरे काम पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात चालते. सोन्याच्या खाणींची जुनी गावे तिथे आहेत, काही अजून जिवंत, काही नुसत्या पाट्यांपुरती उरलेली. महिन्यातले दहाबारा दिवस तो तिकडे असतो. एकदा भर उन्हाळ्यात त्याची गाडी वाळूत रुतली. फोन लागेना, पाणी संपत आलेले. दुपारी एक म्हातारा मोडका ट्रक घेऊन तिथे आला. त्याने प्रथम विचारले, "चहा घेणार?" चहा झाल्यावर मग दोर बांधला.

हा मनुष्य चाळीस वर्षे त्या रानात एकट्याने सोने शोधत होता. सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेला जमिनीचा एक तुकडा, त्यात स्वतः खणलेली विहिरीसारखी खाण, पत्र्याची झोपडी आणि एक कुत्रा, एवढा त्याचा संसार. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढले होते आणि तिकडे शस्त्रक्रियेला नंबर लागायला पुष्कळ अवकाश होता. मुलाने त्याला आपल्याकडे बोलावले. आंग मो किओच्या आमच्या फ्लॅटमध्ये जादा खोली नाही, म्हणून माझ्याच खोलीत दुसरा पलंग आला. कुत्रा शेजारच्या खाणीवर ठेवून, एक कापडी पिशवी आणि एक रुंद काठाची टोपी घेऊन पाहुणा आमच्याकडे आला.

दुसऱ्याच दिवशी त्याने मला आपली अडचण सांगितली. त्याची एकुलती मुलगी पर्थला राहते. बापाने त्या रानात एकटे मरू नये म्हणून ती कित्येक वर्षे त्याच्याशी भांडत होती. अखेर दोघांत ठरले होते की, या खेपेला खाणीत सोने दिसले तर तो तिथेच राहील आणि ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही दिसले तर तो पट्टा सोडून देईल आणि तिच्या घरी येऊन राहील.

"आणि तुम्हाला काय वाटते?" मी विचारले.

"मला वाटत नाही, मी बघतो," तो म्हणाला. "म्हणून तर डोळे उघडून घ्यायला आलोय."

मला वाटले, परत गेल्यावर तो नव्या डोळ्यांनी आपल्या खाणीत पाहील.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांत आठ दिवस गेले. सूनबाई आणि मुलगा कामावर गेले की आम्ही दोघे घरात. त्याला अंधुक दिसे, म्हणून वाचायचे नाही, टीव्ही पाहायचा नाही, उरल्या त्या गोष्टी. पहिली गोष्ट सांगण्यापूर्वी त्याने आपली टोपी काढून जेवणाच्या टेबलावर उलटी ठेवली. मी कारण विचारले. त्यांच्या गावात एकच हॉटेल आहे. तिथे सोन्याची गोष्ट सांगणाऱ्याने आधी आपली टोपी अशी समोर ठेवायची, हा रिवाज. गोष्ट खोटी आहे हे ऐकणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक असेल, तर तो एक शब्द न बोलता टोपी उचलून निघून जातो. तिकडच्या उन्हात टोपीवाचून घरापर्यंत चालत जाणे, हीच शिक्षा.

"तुमची टोपी कधी गेली?"

"दोनदा. तरुण होतो. एकदा तर गोष्ट खरी होती, पण टोपी नेणारा माझ्यापेक्षा आडदांड होता."

सत्याच्या रक्षणासाठी आमच्याकडे अग्नी, जल, सूर्य अशा थोर साक्षी आहेत. टोपीची साक्ष मी प्रथमच ऐकत होतो. पण जी साक्ष माणसे मानतात ती साक्ष, आणि त्यामुळे त्या टोपीकडे मी आदरानेच पाहत असे.

त्या हॉटेलची मालकीण दर शनिवारी सकाळी स्वतः झाडू मारी. नोकर होते, पण झाडूला ती कुणाला हात लावू देत नसे. लोक तिला चेष्टेने महाराणी म्हणत. वीस वर्षांनी तिने हसून दाखवले तेव्हा समोरचे दोन दात सोन्याचे होते. आठवडाभर खाणकामगारांच्या बुटांना लागून आलेली धूळ ती दर शनिवारी गोळा करून धूत असे. "आमच्याच पायांनी आम्ही तिला दात नेऊन दिले," तो म्हणाला, "आणि वर बूट पुसून आलो नाही म्हणून तिच्या शिव्याही खाल्ल्या."

दुसरा एक गृहस्थ स्वयंपाकघरातच खणू लागला होता. बाहेर ऊन फार, असे त्याचे म्हणणे. बायको माहेरी गेली ती खड्डा बुजवल्याशिवाय येणार नाही म्हणून. खड्डा वीस हात खोल गेला आणि सोन्याचा कण लागला नाही, पण तळाशी इतका गारवा होता की भर दुपारी अर्धे गाव त्याच्या खड्ड्यात बसू लागले. शेवटी बायकोही परत आली आणि शिडीने उतरून खालीच भाजी चिरू लागली.

मला सर्वांत आवडली ती दोन भागीदारांची गोष्ट. एका तव्यावरून त्यांचे भांडण झाले आणि अकरा वर्षे ते परस्परांशी बोलले नाहीत. खाण मात्र एकच. एक तळाशी खणे, दुसरा वर रहाट ओढी. मध्ये एक दोरी आणि तिला घंटा बांधलेली. एक झटका म्हणजे बादली ओढ, दोन म्हणजे चहा, तीन म्हणजे मला वर घे. पुढे तळाशी खणणारा आजारी पडून इस्पितळात गेला, तेव्हा दुसरा ती दोरी आणि घंटा घेऊन खाटेशेजारी बसला. नर्सबाईंनी घंटेला हरकत घेतली, मग नुसती दोरी राहिली. रोगी दोन झटके देई, हा उठून चहा आणी. बोलले ते शेवटपर्यंत नाहीत.

"समेट झालाच नाही?" मी विचारले.

"झाला की. चहा गरम असायचा."

मीही त्याला गोष्टी सांगितल्या, कारण नुसते घेणे शोभत नाही. तो लक्ष देऊन ऐके आणि मग टोला देई. "तुझ्या गोष्टींत सगळे राजे राज्य सोडून वनात जातात. आमच्या गावात एखादा आला असता तर त्याला रहाटाला जुंपला असता. माणसांची टंचाई फार."

सूनबाईशीही त्याचे गूळपीठ जमले. ती एकदा म्हणाली, "अंकल, तुमच्या आंघोळीनंतर बाथरूममध्ये हा तांबडा गाळ कुठून येतो?"

"चाळीस वर्षांचा साठा आहे. मी जाईपर्यंत पुरेल."

"मग लवकर बरे व्हा. माझ्या फरशा पांढऱ्या आहेत."

शस्त्रक्रिया सोमवारी ठरली. रविवारी संध्याकाळी, मी दिवा लावून उठत होतो, तेव्हा त्याने पिशवीतून चहाचा एक पत्र्याचा डबा काढला. झाकण कापडाच्या पट्टीने घट्ट बांधले होते. विमानतळावर अडचण येऊ नये म्हणून मुलाने त्याचे रीतसर कागद आधीच केले होते.

"ही माझ्या जमिनीची माती," तो म्हणाला. "उद्या मी नसेन. तुझ्या देवांपाशी ठेव. तिथे कोण हात लावतं?"

"माझ्याखेरीज कुणीही नाही."

"मग ठीक."

मी डबा देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवला. जन्मभूमीची, कर्मभूमीची चिमूटभर माती परदेशी बरोबर नेणारी माणसे मी पाहिली होती. हाही तशातलाच एक, असे मी समजलो. विचारले असते तर त्याने सांगितले असते. मी विचारले नाही.

तो सोमवार श्रावणातला होता. सकाळी मुलगा त्याला इस्पितळात घेऊन गेला, सूनबाई कचेरीत गेली. पाहुण्याच्या दृष्टीसाठी पार्थिवपूजा करावी असे माझ्या मनात आले. या पूजेत मातीचे शिवलिंग स्वहस्ते घडवायचे, त्याची यथासांग पूजा करायची आणि त्याच दिवशी ते पाण्यात विरघळवायचे. विधी साधा आहे. अडचण नेहमी मातीची येते. शास्त्राला शुद्ध जागची माती हवी. सिंगापूरला माती दुकानातून पिशवीत येते, तिच्यात खताचे पांढरे मणी असतात, आणि दर श्रावणात ते मणी वेचून काढताना माझे मन खट्टू होई. इमारतीखालच्या बागेतली माती घ्यावी, तर ती सार्वजनिक. आणि देव्हाऱ्यात, हाताच्या अंतरावर, नांगर न लागलेल्या भूमीची माती ठेवलेली होती. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याचीच.

मी पट्टी सोडली. पिकलेल्या विटेसारखा तिचा रंग होता. भिजवल्यावर ती लोण्यासारखी हाताशी आली. गारगोटीचे बारीक खडे निघाले, ते बाजूला ठेवले. मुठीएवढे लिंग झाले, आणि इतके सुबक की दुकानातल्या मातीचे कधी झाले नव्हते. संकल्पात यजमानाचे गोत्र उच्चारावे लागते. त्याचे गोत्र मला कसे ठाऊक असणार? ज्याचे गोत्र माहीत नाही त्याचे काश्यप मानावे, अशी सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे, आणि त्या सोयीचा उपयोग ऑस्ट्रेलियाच्या माणसासाठी करताना मला फार बरे वाटले. अभिषेक झाला, गंध, अक्षता, अबीर, बेलाची तीन पाने. पूजा मन लावून झाली. मग तांब्याच्या घंगाळात विसर्जन केले आणि ते तांबडे पाणी, दरवर्षीप्रमाणे, दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये सूनबाईने वाढवलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतले. डबा धुतला, पुसला, पट्टी पुन्हा बांधून जागेवर ठेवला. निदान विभूतीइतकी चिमूटभर माती त्याच्यासाठी राखून ठेवायला हवी होती, हे मला तेव्हा सुचले. पण डब्यात काहीच उरले नव्हते. तो समजून घेईल, असे मी स्वतःला सांगितले.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी एका डोळ्यावरची पट्टी काढली, दुसऱ्या डोळ्याची पाळी महिन्याने होती. वाकायचे नाही, डोळ्यात पाणी आणि धूळ जाऊ द्यायची नाही, एवढी पथ्ये सांगितली. घरी आल्यावर त्याने काळा चष्मा काढला आणि खोली पाहिली. सूनबाई त्या दिवशी घरूनच काम करत होती. तिला तो म्हणाला, "फरशा खरंच पांढऱ्या आहेत." मग माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. "आवाजावरून तू साठीचा वाटायचास. किती म्हातारा आहेस रे तू."

"तुम्हीही आरशात पाहून घ्या," मी म्हणालो.

"पाहिलं. म्हणून तर तुला बोललो." तो खुर्चीवर नीट बसला. "आता माझा डबा आण. ही मूठ बघायची म्हणून इतका प्रवास केलाय."

ही माती नुसती आठवण नव्हती. मी आत गेलो, पण डबा आणला नाही. बाहेर जाताना मी काळी टोपी घालतो, ती खुंटीवरून काढली आणि त्याच्यासमोर टेबलावर उलटी ठेवली.

"तुला कुणी गोष्ट सांगायला लावली?" तो हसत म्हणाला.

मी सांगितली. पूजा, माती, घंगाळ, कुंडी, काही वगळले नाही. तो हसायचा थांबला. सूनबाई लॅपटॉपसमोरून उठून दारात येऊन उभी राहिली.

मग तो बोलला, आणि डब्यात काय होते ते मला तेव्हा कळले. खाणीच्या अगदी तळाशी गारगोटीची एक बारीक शीर होती. निघायच्या दिवशी त्याने तिच्या कुशीतली माती काढली. त्याच्या मते त्या जमिनीत सोने असलेच तर तिथे असणार. त्याने ती स्वतः धुऊन पाहिली असती, पण डोळ्यांना मोठ्ठा कणही दिसण्याची खात्री नव्हती. गावात कुणाला दाखवावी, तर डोळे गेल्याची बातमी संध्याकाळपर्यंत हॉटेलात पोहोचली असती. म्हणून त्याने मुलीला फोन करून सांगितले होते की, शेवटची मूठ घेतली आहे, नव्या डोळ्याने बघेन, आणि जे दिसेल ते मान्य.

"जे दिसेल ते," त्याने पुन्हा म्हटले आणि दाराबाहेरच्या कुंडीकडे बोट केले. "आता ते त्या झाडाला दिसतंय."

क्षमा मागण्यासाठी मी हात जोडले. त्याने हातानेच मला थांबवले आणि खुर्ची पुढे ओढली. मग एकेक प्रश्न विचारू लागला, रागाने नव्हे, कसबी माणूस हत्यार तपासतो तसा.

"कशात भिजवलीस?"

"पितळी ताटलीत."

"ताटली कुठे धुतलीस?"

"घंगाळात. ते पाणीही कुंडीतच."

"हात?"

"घंगाळातच."

"खडे बाजूला काढलेस म्हणालास."

"तेही शेवटी कुंडीत ठेवले. पूजेचे काहीही पायदळी जाऊ नये, म्हणून."

"डबा?"

"विसळून, तेही पाणी कुंडीत."

"म्हणजे मोरीत काहीच गेलं नाही? थोडं तरी गेलं असेल. चुळकाभर?"

त्याने हे फार हळू विचारले. मी त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि मला कळले की या एका प्रश्नाला तो होकाराची वाट पाहत आहे. चुळकाभर पाणी मोरीत गेले असते, तर परीक्षा बाद झाली असती. मुलीला दिलेल्या शब्दातून तो सुटला असता. तो परत खाणीत उतरला असता, नवी मूठ काढायला. मी नुसते 'आठवत नाही' म्हटले असते तरी पुरले असते. माझ्या वयाला कुणीही ते खरे मानले असते. शिवाय अपराधी मी होतो. त्याला एवढे दान देणे मला सहज शक्य होते. टोपी आमच्या दोघांच्या मध्ये पडली होती.

"एक थेंबही नाही," मी म्हणालो. "निर्माल्याचे पाणी मोरीत जाऊ देत नाहीत. मी लहानपणापासून कधी जाऊ दिले नाही."

"कंपन्या लाखांची यंत्रं लावतात," तो सूनबाईला म्हणाला, "आणि तरी नमुना सांडतात. तुझ्या सासऱ्याला कुणीतरी प्रयोगशाळेत नोकरी द्यायला हवी होती."

सूनबाई कुंडी उचलून आत घेऊन आली. "चार वर्षं जगवलाय," ती मला म्हणाली. "खालच्या मजल्यावरच्या तमिळ काकू फोडणी घालायच्या आधी याची पानं न्यायला येतात. तुम्हीच सांगा त्यांना, बाबा." मग स्वतःच झाड अलगद उपटून, मुळे झटकून बादलीत उभे केले.

त्याला वाकायची मनाई, म्हणून धुण्याचे काम माझ्याकडे आले. बाथरूममध्ये मी पाटावर, पुढ्यात कणीक मळायची परात, परातीखाली मोठा टब. तो दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर, काळा चष्मा लावून. आधी ढेकळे बोटांनी फोडायची. मग पाणी घालून परात गोल हलवायची, म्हणजे जड ते तळाशी बसते, आणि मग काठावरून गढूळ पाणी सावकाश सोडून द्यायचे. सांगायला एवढेच.

"हात आवर. तू हलवू नकोस, पाण्याला हलू दे."

"पाणी हातानेच हलते."

"काल देवाच्या डोक्यावर घालत होतास तसं घाल. तेव्हा घाई केली होतीस का?"

त्यानंतर माझा हात बसला. कुंडीतली माती पुष्कळ होती, एक परात झाली की दुसरी. मध्ये सूनबाईची मीटिंग सुरू झाली, तिने कानाला यंत्र लावून एका हाताने आम्हाला चहा आणून दिला. टबात निथळलेले पाणीही त्याने पुन्हा धुवायला लावले, मग पुन्हा एकदा. माझी कंबर भरून आली होती, पण मी काही बोललो नाही, आणि त्यानेही विचारले नाही. शेवटी परातीत चमचाभर काळी, जड वाळू उरली.

आणि तिच्यात काहीतरी चमकले.

मी पाहिले आणि माझा हात थांबला. त्याने ते ताडले. खुर्चीवरून उठून, पाठ ताठ ठेवून, त्याने परात माझ्या हातून घेतली आणि छातीपर्यंत उचलली. चष्मा काढला. दिव्याखाली पाहिले. मग दिव्याकडे पाठ करून, स्वतःच्या सावलीत परात धरून पाहिले.

"उजेडात चमकतं ते काहीही असू शकतं," तो म्हणाला. "सोनं सावलीतही तसंच दिसतं. हे बघ, विझलं." त्याने परातीला अगदी बारीक हिसका दिला. तो कण उठला आणि पाण्यावर तरंगत काठाला गेला. "हे तुझ्या पूजेच्या डबीतलं. काय घालता तुम्ही?"

"अबीर. त्यात अभ्रक असते."

"देवालाही फसवता म्हणजे."

त्याने त्या चमचाभर वाळूकडे आणखी पाहिले, बोटाने पसरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जितक्या सावकाशीने मी पोथीची ओळ लावतो तितक्या सावकाशीने. तिथे सोने नव्हते.

माझ्याने राहवले नाही. मी म्हणालो, "माझा हात नवशिका आहे. दोष माझ्या धुण्याचा असेल. आणि माती तुमच्या हाती राहिली नव्हती. तुमच्या जागी कुणीही असता तरी हा निकाल मानला नसता."

"तू मनाने चांगला आहेस," तो म्हणाला, "पण सोन्याबद्दल तुला काही कळत नाही. सोनं इतकं जड असतं की ते घालवायला फार हुशारी लागते. नवशिक्याच्या हातून ते मुळीच जात नाही. असतं, तर याच परातीत असतं." त्याने परात टबाच्या काठावर ठेवली. "चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या परातीत बघून सांगत आलोय, आहे की नाही. आज स्वतःच्या बाबतीत वेगळं कसं सांगू?"

चहा थंड झाला होता, तो त्याने उभ्यानेच पिऊन टाकला. मग सूनबाईचा फोन मागून घेतला आणि आकडे स्वतः दाबले, चष्म्याशिवाय. त्याला थोडे कमी ऐकू येई, म्हणून तो फोनचा आवाज नेहमी मोठा ठेवत असे, त्यामुळे पलीकडचे सगळे आम्हाला ऐकू येत होते.

"बघितलं," तो म्हणाला. "नाही."

मुलगी म्हणाली, "नक्की? कुणी बघितलं?"

"मी. माझ्या डोळ्याने."

"आणि धुतलं कुणी? तुला तर वाकायचं नाही."

"इथल्या एका माणसाने. त्याच्या घरातून थेंबभर पाणी इकडचं तिकडे जात नाही. चौकशी केली मी." त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "पट्ट्याचे कागद पाठव, सही करतो. कुत्रा बरोबर येईल."

"डॅड, घरात गालिचा आहे."

"मग गालिचा बाहेर ठेव."

ती हसली असावी, किंवा रडली. मुलींचे ते दोन आवाज दुरून सारखेच ऐकू येतात. मग तिने विचारले की दोन खोल्या रिकाम्या आहेत, एकीची खिडकी पूर्वेला, दुसरीची मागच्या अंगणाकडे, त्याला कुठली आवडेल?

सकाळपासून मी त्याला प्रथमच गोंधळलेला पाहिला. फोन छातीशी दाबून धरत त्याने मला विचारले, "इथे आलास तेव्हा तू कुठली खोली मागितलीस?"

"मागितली नाही," मी म्हणालो. "दिली ती घेतली. तुम्ही मागा."

त्याने फोन पुन्हा तोंडाशी नेला आणि पूर्वेची मागितली.